डाव्या पायाला काम

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे त्याला गाडीतलं सगळं कळतं. आमच्या घरात गाडी चालवणारी मी एकटी, आणि हे मी पाहुण्यांना चहा यायच्या आधीच सांगून टाकते. दादरच्या चाळीतली मुलगी लग्न होऊन काशीगावच्या शेतीवाल्या घरात आले तेव्हा मला भाताचं रोप आणि गवत यातला फरक कळत नव्हता आणि चिंबोरी बघितली की मी खुर्चीवर चढायचे. सासूबाईंच्या लेखी मी शोभेची वस्तू होते, आणि तीही फार शोभेची नाही. पुढे शेतं गेली, खाडीकडचं मिठागर गेलं, आम्ही मिरा रोडला टॉवरमध्ये राहायला आलो, आणि मी हट्टानं गाडी शिकले. तेव्हा कुठे घरात माझी पत वाढली. ती मी सहजासहजी सोडणार नव्हते.

दर सोमवारी मी सासूबाईंना घोडबंदरजवळच्या वरसाव्याला न्यायचे. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते, आमची मावशी. मावशीचे दोन्ही डोळे गेलेत आणि डोकंही कधी जागेवर असतं, कधी नसतं. पोटच्या मुलाला ती 'कोन तू?' म्हणून विचारते. पण सासूबाईंचा आवाज आला की 'बाय आली' म्हणते आणि त्यांच्या हातून पोटभर जेवते. बाकीचे दिवस सून भरवते तेव्हा दोन घास खाऊन तोंड फिरवते. म्हणजे आठवड्यातलं तिचं खरं जेवण ते एकच. सासूबाई रविवारपासूनच त्या जेवणाच्या तयारीत असायच्या आणि सोमवारी मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला की त्या 'चल' म्हणायच्या. जणू त्यांच्या 'चल'मुळेच गाडी चालायची.

मग माझा डावा गुडघा गेला. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून गेला, असं डॉक्टर म्हणाले. नवरा म्हणाला, "मी कधीपासून सांगतोय, ऑटोमॅटिक घेऊ." त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. पण जुनी गाडी देऊन आम्ही नवी घेतली, बिनक्लचची. दोनच पेडल. डावीकडे ब्रेक, तोही चांगला ऐसपैस, आणि उजवीकडे ॲक्सिलरेटर. शोरूममधला मुलगा गोड हसून म्हणाला, "मॅडम, लेफ्ट लेग को बस आराम दीजिए." मी म्हटलं यात काय आहे, आराम कोणाला येत नाही?

डाव्या पायाला येत नाही. हे मला पूजेच्या दिवशी कळलं.

सोसायटीच्या गेटसमोर गाडीला हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. सासूबाई नऊवारी लुगडं नेसून मानानं पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर नारळ. मागे नवरा, हातात पेढे. मी ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी आपली आपणच चालू लागली. मी काही केलंच नव्हतं. इतक्या वर्षांत माझी गाडी मला न विचारता कधी हलली नव्हती. मी घाबरले, आणि मी घाबरले की माझा डावा पाय क्लच दाबतो, अगदी मुळापर्यंत. क्लच नव्हता. होता तो ब्रेक.

सासूबाईंना पट्ट्यानं धरलं म्हणून कपाळ वाचलं. नारळ मात्र सुटला, समोर आपटला आणि उलटा येऊन त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर बसला. पेढ्यांचा बॉक्स नवऱ्याच्या हातातून निघून माझ्या मानेवर आला. गाडी थांबली ती लिंबांच्या डोक्यावर. एक पुरतं चिरडलेलं आणि दुसरं नुसतं चेपलेलं, कुशीवर झोपल्यासारखं.

यावर गेटपाशी सभा भरली. अर्ध्या चेपलेल्या लिंबानं दृष्ट निघते की नाही? तळमजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, निघते, भावना महत्त्वाची. वॉचमन म्हणाला, "नहीं मॅडम, आधा नींबू मतलब आधा काम." नवरा म्हणाला, गाडी मागे घे आणि पुन्हा चढव. मी मागे घेतली. पुन्हा तोच पाय, तोच दणका. यावेळी लिंबू सटकून गटारात गेलं. सासूबाई दार उघडून उतरल्या, लुगडं सारखं केलं, अंगठा बघितला.

"मना न्हाय बसाचा ह्या गारीन," त्या म्हणाल्या. "ही गारी न्हाय, रेडा हाय."

मला वाटलं, राग दोन दिवसांत जाईल. पण सासूबाईंच्या मणक्याचं मागच्या वर्षी दुखणं झालेलं, आणि दणका बसला की त्यांना आठवडाभर उठता येत नाही. त्यामुळे त्यांचा राग नुसता राग नव्हता. सोमवारी त्या कालवण करून, डबा बांधून बसल्या आणि म्हणाल्या, रिक्षा बोलवा. रिक्षा डॉक्टरांनी बंद केलेली. मग नवऱ्यानं टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाला काशीमिऱ्यापर्यंत फोनवर कोणाशी तरी भांडत होता. सासूबाईंनी आधी त्याची बाजू चुकीची कशी आहे ते त्याला सांगितलं, मग फोन ठेव म्हणाल्या, मग सिग्नलला गाडी उभी राहिल्यावर उतरूनच गेल्या. नवरा डबा घेऊन मागे धावला. दोघं चहाच्या टपरीवर बसले आणि मी नवी गाडी घेऊन त्यांना आणायला गेले, तर त्या माझ्याकडे बघेनात. शेवटी मी घरी जाऊन, मणक्याच्या दुखण्यात घेतलेली चाकाची खुर्ची आणली आणि सर्व्हिस रोडवरून नवऱ्यानं आपल्या आईला ढकलत घरी आणलं. मी त्यांच्या बाजूनं गाडी चालवत होते, हळूहळू. लोकांना वाटलं असेल, कुणाची तरी मिरवणूक आहे.

संध्याकाळी मावशीच्या सुनेचा फोन आला. सकाळपासून मावशी 'बाय कवा येल' एवढंच म्हणत होती आणि ताट सरकवत होती. सासूबाईंनी फोन ऐकला आणि डबा उघडून फ्रीजमध्ये ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून मी पाय सुधारायला घेतला.

रोज सकाळी सोसायटीच्या आवारात फेऱ्या. नवरा बाजूला बसायचा, मोबाइलवर कोणातरी तज्ज्ञाचा व्हिडिओ लावून. "तो म्हणतोय, डावा पाय विसरून जा." मी म्हटलं, तुम्ही विसरून दाखवा तुमचा. विसरायचं म्हटलं की पाय जास्तच आठवतो, मनात येऊ नये म्हटलेल्या गोष्टीसारखा. वळण आलं की तो उठायचा. स्पीडब्रेकर आला की उठायचा. कोणी मांजर नुसतं विचार करत उभं असलं तरी उठायचा, आणि मग दणका. सकाळी फिरायला येणारी मंडळी आधी बाजूला व्हायची, मग दुसऱ्या दिवसापासून टेरेसवर फिरायला लागली. वॉचमन गेटवर उभ्या असलेल्या दूधवाल्याला सांगायचा, "रुक जा, अभी मॅडम का टाइम है."

उजव्या पायाचंही काही कमी नव्हतं. जुन्या गाडीचा ब्रेक शिळ्या भाकरीसारखा होता, जोर लावल्याशिवाय काही होत नसे. या गाडीचा ब्रेक नुसता पाय दाखवला तरी धरायचा. आणि ॲक्सिलरेटर उलटा, आधी ढिम्म, मग एकदम हुशारी. मी त्या दोघांच्या मनधरण्या करत होते आणि तेवढ्यात डावा मध्ये पडत होता.

एके दिवशी नवऱ्याला युक्ती सुचली. त्यानं आपल्या जुन्या पायजम्याची नाडी काढली आणि माझा डावा घोटा सीटच्या खालच्या लोखंडाला बांधला. गाठ मारायला तो गुडघ्यावर बसला होता, दार उघडं होतं, आणि नेमके सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, नाडीकडे बघितलं, आणि एरवी हिंदीत बोलणारा तो गृहस्थ शुद्ध मराठीत म्हणाला, "काही मदत हवी आहे का?" मदत कोणाला हवीय ते त्यांनी सांगितलं नाही. बांधलेल्या पायानं मी पूर्ण फेरी मारली आणि दणका एकही बसला नाही. पण मग फोन वाजला म्हणून मी उतरायला गेले, पाय बांधलेला आहे हे विसरून, आणि दुखरा गुडघा घेऊन अर्धी गाडीत अर्धी बाहेर लोंबकळले. त्या दिवसापासून नाडी बंद.

घरीही तेच. जेवताना भाजी वाढायला वाकले की टेबलाखाली डावा पाय जमिनीवर दाबला जायचा. दुपारी पडल्यावर स्वप्नात सिग्नल लागायचा आणि नवऱ्याच्या पोटरीवर लाथ बसायची. त्यानं मधे उशी ठेवली. सासूबाई हे सगळं बघत होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत स्टुलावर बसून रोज सकाळी माझ्या फेऱ्याही बघायच्या. गाडीनं नाक खाली घातलं की त्या मान हलवायच्या. खाली मला ते दिसायचं आणि पुढचा दणका आणखी जोरात बसायचा.

अजून एक सोमवार तसाच गेला. यावेळी सुनेनं फोन मावशीच्याच हातात दिला. मावशी म्हणाली, "बाय, तू मेली का काय?" सासूबाई म्हणाल्या, "न्हाय गो, हाय." मावशीचा विश्वास बसला नाही. फोनमधला आवाज तिला खरा वाटत नसे. "मग येत का न्हाय?" म्हणाली आणि फोन कुठंतरी ठेवून दिला. आम्हाला बराच वेळ तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसले, तर सासूबाई काठी टेकत खाली आल्या. हातात खड्याच्या मिठाची पिशवी. वाण्याकडून येते ती, जाड प्लॅस्टिकची. त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं, आत वाकून बघितलं.

"कोन्ता पाय लुडबुड करतंय?"

"डावा."

"त्याला काम काय दिलंस?"

"कामच नाही आई. आराम आहे त्याला."

"मग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "रिटायर झाला तवापासून माझा पोर बघ. दिवसभर सैपाकघरान येतो, या डब्याचं झाकन काढ, त्या भांड्यान चमचा घाल. काम न्हाय ना. जो रिकामा, तो दुसऱ्याच्या कामान हात घालनार." बाजूला बसलेला त्यांचा पोर व्हिडिओ बघण्यात फार गुंतल्याचं दाखवू लागला.

ब्रेकच्या डावीकडे पाय टेकायला एक तिरपी पायरी असते. त्यांनी ती पिशवी त्या पायरीवर ठेवली, सुतळीनं घट्ट बांधायला लावली, ओढून बघितली आणि म्हणाल्या, "हिला दाबून धर. सोडू नको. मिठागरान आमी पायानंच चिखल तुडवायचो, जमीन घट्ट होयेपरेन. पायाला तुडवाय लागतं काहीतरी."

मी म्हटलं, हा काय अडाणीपणा. पण म्हटलं मनातल्या मनात, कारण माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. चप्पल काढून अनवाणी पाय पिशवीवर ठेवला. प्लॅस्टिकखाली मिठाचे खडे टोचत होते. फेरी सुरू केली. वळण आलं, डावा पाय उठायला लागला आणि त्यानं दाबलं ते मीठ. खर्र असा आवाज झाला. गाडी मात्र गुमान चालत राहिली. स्पीडब्रेकर आला, खर्र. मांजर आलं, खर्र. उजवा पाय पहिल्यांदाच एकटा ब्रेकपाशी गेला आणि त्याला शांतपणे कळलं की कितीशा दाबानं ही गाडी थांबते. भाकरी उलटताना तव्याजवळ बोट नेतो ना, तेवढं. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि नवरा म्हणाला, "व्हिडिओवालाही हेच म्हणतोय." त्यानं तसं काही म्हटलेलं नव्हतं.

सोमवारी सासूबाई तयार झाल्या. पण त्यांची एक अट होती. कोळंबीचं कालवण त्यांनी डब्यात भरलंच नाही. पसरट पातेलीत घेतलं, काठोकाठ, झाकण नाही. ती पातेली मांडीवर टॉवेल घालून त्यावर ठेवून त्या मागे बसल्या.

"सांडला तर सांडला तिथं उतरनार," त्या म्हणाल्या.

"आई, हायवे आहे."

"मना चालता येतं."

त्यांना धड जिन्यापर्यंत चालता येत नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण त्या उतरल्या असत्या, हेही माहीत होतं. नवऱ्याला मी घरीच ठेवलं. त्याची शेरेबाजी नको होती मला.

सोसायटीपासून काशीमिऱ्यापर्यंत मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. आरशात रस्ता बघायचं सोडून मी पातेली बघत होते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला, मग बाजूला येऊन म्हणाला, "मॅडम, सोना ले जा रहे हो क्या?" मी म्हटलं, "झींगा." तो पुढे निघून गेला. सिग्नलला थांबले, नाक खाली न घालता. डाव्या पायाखाली खर्र. हायवेला लागले. आणि वरसाव्याच्या अलीकडे, जिथे सगळ्याच गाड्या एकमेकींच्या अंगात शिरतात, तिथे एक मोटरसायकलवाला डावीकडून आला आणि सरळ माझ्यासमोर आडवा झाला.

डाव्या पायानं पिशवी अशी दाबली की ती फुटली. फट् असा आवाज आला, मीठ सगळं पायावर. उजवा पाय ब्रेकवर गेला होता. कधी गेला मला कळलं नाही. गाडी थांबली, हात धरून बसवावं तशी. मी आरशात बघितलं. कालवण पातेलीच्या काठावर चढलं, थांबलं, परत गेलं. फक्त एक थेंब बाहेर आला आणि सासूबाईंच्या हाताच्या अंगठ्यावर पडला.

त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी दार उघडायचा आवाज येईल म्हणून कान बंद करून घ्यायच्या बेतात होते. त्यांनी अंगठा चाटला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "चल."

मावशीच्या घरी पोचलो तेव्हा ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन आठवड्यांत गाल आत गेले होते. सासूबाई तिच्याजवळ बसल्या आणि नुसतं "उठ गो" म्हणाल्या. मावशीनं हात पुढे केला, त्यांचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, नाकातली नथ, आणि म्हणाली, "जिती हाय." मग ती जेवली. भात-कालवण, परत भात, परत कालवण. तिची सून दारात उभी राहून बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी बाहेर ओट्यावर बसून पायाचं मीठ झटकत होते. कोणी मला धन्यवाद म्हणेल अशी माझी अपेक्षा नव्हती, म्हणजे थोडी होती.

जेवून झाल्यावर मावशी एकदम हुशार झाली. उशीर का केला म्हणून भांडली. सासूबाईंनी सांगितलं, गाडी नवी घेतली, तिचा जरा घोटाळा होता.

"नवीन गारी? मना दाव."

"तुला दिसत न्हाय."

"बसून दाव मग."

गेली दोन-अडीच वर्षं ती खाट सोडून कुठे गेली नव्हती. तिचा मुलगा नको म्हणाला, सून नको म्हणाली. मावशीनं पाय खाली सोडलेसुद्धा. शेवटी दोघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिला उचलून आणलं आणि माझ्या बाजूच्या सीटवर ठेवलं, अंगावर चादर, पट्टा. सासूबाई मागे. तिचा मुलगा म्हणाला, गल्लीच्या टोकापर्यंतच न्या, देवळापर्यंत, आणि हळू.

मी ब्रेकवरून पाय उचलला. गाडी आपली आपणच चालू लागली, कुणी काही न करता, बैलगाडीच्या चालीनं. दणका नाही, आवाज नाही. मावशीनं काच खाली करायला लावली आणि तोंड वाऱ्यात धरलं. कोणाच्या तरी घरी सुकट भाजत होते, तर म्हणाली, अमक्याचं घर आलं. बरोबर होतं.

मग तिनं विचारलं, "बाय, गारी कोन हाकतं गो?"

मी तोंड उघडलं. आमच्या घरात गाडी चालवणारी मी एकटी, आणि इतके दिवस पायाशी भांडून मी इथवर आले होते.

"मी हाकतंय," मागून सासूबाई म्हणाल्या.

आरशात त्या सरळ बसल्या होत्या, रिकामी पातेली मांडीवर, नजर समोर रस्त्यावर. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी तोंड मिटलं.

"तू?" मावशी म्हणाली. तिचा सगळा चेहरा हसत होता. "तुला बैलगारीन पन बसाय देत नव्हता बाबा."

"आता देतात."

"मग जरा जोरान घे."

सासूबाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. मी उजव्या पायानं तेवढंच दाबलं.